दुखऱ्या दाढेची नक्कल

दादाची त्या दिवशी दाढ सुजली होती. खालची, उजवीकडची. गाल टमाट्यासारखा फुगला होता आणि तोंड नीट उघडत नव्हतं. म्हणून त्याने खांद्यावरचा दुपट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर गाठ मारली, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून कसाबसा गायला आणि दर दोन ओळींनी गालाला हात लावत राहिला. या सगळ्याला आता अकोल्यात 'दादांची खास शैली' म्हणतात. हे पहिल्यांदा माझ्या कानावर आलं तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ नव्हे. अमरावतीच्या फुलबाजारात त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, दोन टोपल्या आणि फुलांवर पाणी शिंपडायचा डबा. त्याच्यासमोरच्या गल्लीत माझं शिलाई मशीन दुरुस्त करायचं दुकान. दिवसभर तो झेंडू-शेवंती विकायचा, मी मशीनच्या पोटात तेल सोडायचो, आणि कार्यक्रम असला की दोघंही दुकानं लवकर आवरून निघायचो. दादा गाणारा. ढोलकीवर अचलपूरचे चाचा, ज्यांचं गाद्या-रजया भरायचं काम होतं. आणि बेंजोवर मी. बेंजो म्हणजे तारांचं वाद्य, पण त्याला टाइपरायटरसारखी बटणं असतात. एका हाताने बटणं दाबायची, दुसऱ्याने तारा छेडायच्या. मशीनवाल्या माणसाला बरं जमतं ते. झांजेला आणि मागे ओळ धरायला कोणी ना कोणी मिळायचं. अशी आमची पार्टी अठ्ठावीस वर्षं चालली. लग्नं, जत्रा, गणपती, शाळेचं गॅदरिंग, जिथून बोलावणं आलं तिथे गेलो.

दादाची गाणी दादानेच केलेली. त्यातलं एक सगळीकडे मागून घेतलं जायचं. बायकोने बाजारात पाठवलेला एक वेंधळा माणूस, त्याच्या हातात फाटकी पिशवी आणि घरी पोचेपर्यंत रस्ताभर सांडत गेलेला बाजार. 'पिशवी माही फाटकी, बाजार सारा सांडला' असं त्याचं धृपद. पहिली दोन कडवी ठरलेली. तिसरं कधीच ठरलेलं नसायचं. त्याला आम्ही गावाचं कडवं म्हणायचो.

गावात पोचलो की आम्ही भोंगे बांधण्यात गुंतायचो आणि दादा रिकामी पिशवी घेऊन एकटा बाजारात जायचा. एखाद्या भाजीवालीजवळ उकिडवा बसायचा, घ्यायचं काही नसताना भाव विचारायचा, तिच्या शिव्या खायचा, तिच्या सुनेबद्दल ऐकायचा आणि तासाभराने कडवं घेऊन परत यायचा. त्या गावात काय सांडलं, ते त्या कडव्यात असायचं. अचलपूरला गायलेलं मला अजून येतं:

अर्धी मेथी अचलपुरात, अर्धी परतवाड्यात,
मधातल्या पुलावर मी उभा, जेवू कोनाच्या ताटात?

दोन्ही गावं एकमेकांना चिकटलेली आणि एकमेकांवर टपलेली. हे ऐकून पुलाच्या दोन्ही बाजूंची माणसं मांड्या थोपटून हसली होती. सेमाडोहला गेलो तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता, तर हा चहाच्या टपरीवर बसला आणि वाघ पाहायला येऊन माकडं पाहून परत चाललेल्या पाहुण्यांचं कडवं करून आला. एकदा गायलेलं कडवं तो दुसऱ्या गावात गात नसे. मी एकदा म्हटलं, अरे, मेथीचं चांगलं जमलं आहे, तेच ठेव ना. तर म्हणाला, "कालचं फूल मी विकत नाई, मंग कालचं कडवं काहून विकू?" विषय संपला.

नांदगाव खंडेश्वरला मात्र तो बाजारात गेला नाही. दाढ. एसटीत सगळा रस्ता खिडकीला गाल टेकवून कण्हत होता. चाचांनी लवंगेच्या तेलाचा कापूस दिला, तो दाढेत धरून शाळेच्या एका खोलीत पडून राहिला. कार्यक्रम रद्द करायला तयार नव्हता. उभा राहिला, दोन कडवी म्हटली, तिसऱ्याच्या जागी मला बेंजो लांबवायची खूण केली आणि गाणं गुंडाळलं. अठ्ठावीस वर्षांत गावाच्या कडव्याशिवाय ते गाणं त्या एकाच दिवशी झालं. आणि नेमका त्याच दिवशी, लग्नाचं शूटिंग करणारा एक जण नवा कॅमेरा कसा चालतो ते पाहायला आला होता.

आमच्याजवळ दुसरं चित्रीकरण नाही. दादाला जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यानंतर कोणीतरी ती जुनी कॅसेट धुंडाळून मोबाइलवर चढवली आणि ती गावोगाव फिरली. म्हणजे जगाला माहीत असलेला दादा हा दाढ दुखणारा दादा आहे.

मागच्या उन्हाळ्यात एक जण माझ्या दुकानात आला. तिशी-पस्तिशीचा, स्वच्छ कपड्यांतला, अकोल्याकडच्या एका शाळेत शिक्षक. आल्या आल्या पाया पडला. त्याने दादाच्या नावाने एक पार्टी काढली होती आणि सारं काही 'जसंच्या तसं' करतो म्हणाला. तसाच सदरा, तशाच धोतराच्या निऱ्या, तशीच उभं राहायची पद्धत. तोंडावळ्याने तो दादासारखा थोडा होताही. मी तेव्हापासून मनात त्याला नक्कलदादा म्हणतो, आणि चांगल्या अर्थाने म्हणत नाही.

"काका, एकच शंका हाये," तो म्हणाला. "दादा तोंड डावीकडे करत होते का उजवीकडे? व्हिडिओ कधी कधी उलटा येते म्हणून विचारलं."

"त्याची दाढ दुखून राहिली होती, बाबू," मी म्हटलं.

तो विचारात पडला. मला वाटलं, पोहोचलं. आता वरमेल. तर म्हणतो, "म्हणजे डावीकडेच ना?"

मी हातातला पेचकस खाली ठेवला. हातात राहिला असता तर बरं झालं नसतं.

पुढे तर कहर झाला. त्याला मी अकोल्याच्या कार्यक्रमात हवा होतो, मूळ पार्टीतला माणूस म्हणून. फक्त त्या व्हिडिओत माझ्या डोक्यावर काळी टोपी होती आणि केस काळे होते, तेवढं जमवायचं. "केस रंगवले तं बरं होईन, काका. आमच्या बेंजोवाल्यानं तुमच्यासारखी मिशी ठेवली हाये. त्याच्या बाजूनं बसले तं लोकाईले फरक दिसाले नाई पाहिजे." म्हणजे माझ्यासारखा दिसण्यात मी कमी पडत होतो. माझी नक्कल माझ्यापेक्षा जास्त मार्कांनी पास झाली होती आणि मला आता तिच्या बरोबरीला यायचं होतं. टोपी मी त्या दिवशी दुपारच्या उन्हामुळे घातली होती. जन्मात नंतर घातली नाही.

मी त्याला चहा पाजला आणि जा म्हटलं.

नकलेवर माझा राग नाही, हेही सांगून टाकतो. मी बेंजो नकलेनेच शिकलो. रेडिओवर गाणं लागलं की दुकानाचं शटर अर्धं ओढून सूर शोधत बसायचो. कोणाचं बघितल्याशिवाय कोणाला काही येत नाही. पण नक्कल करायची तर माणूस काय करत होता त्याची करा. त्याला काय झालं होतं त्याची काय करता? दादा बाजारात जाऊन एक तास शिव्या खायचा, ती नक्कल करा ना. तिला मेहनत लागते. सदरा शिवून घ्यायला शिंपी पुरतो.

हे सगळं मी वहिनीला, दादाच्या बायकोला, जाऊन तावातावाने सांगितलं. वाटलं, तीही चिडेल. तर पदराखालून मोबाइल काढून तिने मला त्या नक्कलदादाचाच व्हिडिओ दाखवला. रोज पाहते म्हणाली. "तो नाई, हे मले कयते ना," ती म्हणाली. "पन मांगून पाह्यलं तं खांदे तसेच दिसतात. घडीभर बरं वाटते." राग तसाच होता, पण तो तिच्यासमोर काढायची सोय राहिली नाही. चहा घेऊन निघालो.

दारात त्यांची मुलगी भेटली. दादाच्या पाटावर आता तीच बसते. चाळिशीला आली आहे. हार ओवता ओवता गात असते, तेही बापाचं नाही, आपलंच काहीतरी. फुलं कमी घेऊन घासाघीस जास्त करणाऱ्या बायांवर तिने केलेल्या ओळी आमच्या गल्लीत पाठ आहेत. तिने आतून सगळं ऐकलं होतं.

"तुमी जा अकोल्याले," ती म्हणाली. "पन त्याईले सांगा, ते गानं मी म्हनीन. गावाच्या कडव्यासकट."

"ते लोक आयकनार नाईत," मी म्हटलं.

"काका, बाबाचं गानं अर्धंच फिरून राहिलं जगात. लोकाईले वाटते, ते तेवढंच हाये. उद्या मी गेली, चाचा गेले, तं तिसरं कडवं होतं हे सांगाले बी कोनी नाई. मले एक डाव ते लोकाईसमोर पुरं करू द्या. मंग त्याईनं दुपट्टा बांधून काई बी करावं."

तिने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. बाजारात पोचताच मी अकोल्याला फोन लावला. नक्कलदादा फार नम्रपणे नाही म्हणाला. ताई चांगल्या गातात, ऐकलं आहे, पण ते दादांसारखं वाटणार नाही. बाईच्या आवाजात ते गाणं लोकांना चालणार नाही. आणि तिसरं कडवं तर व्हिडिओत नाहीच. मग शेवटी म्हणाला, "लोक दादाले पाहाले येऊन राहिले, काका."

माझा पारा चढला. भर बाजारात मी त्याला फोनवर झापलं. दादा मेला आहे, तुझ्या बापाच्यानं तो दिसणार नाही, आणि ज्या पोरीच्या अंगात त्याचं रक्त आहे तिला तू सांगतोस की ती त्याच्यासारखी नाही? फुलवाल्या वळून पाहू लागल्या. मी अट घातली: ती गाणार असेल तर मी आणि चाचा येऊ, नाहीतर मूळ पार्टी असं कुठे छापायचं नाही. दोन दिवसांनी त्याचा होकार आला. मध्यंतरानंतर, एक गाणं. मला लढाई मारल्यासारखं वाटलं. ज्याला त्याला सांगत सुटलो.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारला होता, एका सभागृहात. मी आणि मुलगी सकाळच्या बसने निघालो. मूर्तिजापूर सोडलं की उन्हाचा रंगच बदलतो. अकोल्यात उतरलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं. चाचा आधीच येऊन कूलरसमोर बसले होते, ढोलकी मांडीवर. त्यांचं वय झालं आहे, पण बोटं शाबूत आहेत.

कपडे बदलायच्या खोलीत नक्कलदादा आरशासमोर उभा होता. त्याने दुपट्टा बांधला, गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, आणि मग एका पुडीतून कापूस काढून त्याचा बोळा उजव्या गालात कोंबला. गाल फुगला. त्याने आरशात मान कलती करून पाहिलं आणि समाधानाने माझ्याकडे वळला. माझ्या वडिलांची कोणी नक्कल केली असती तरी मला एवढी आग लागली नसती.

"काढ तो कापूस," मी म्हटलं.

"काका, व्हिडिओत गाल—"

"अरे, त्याले ठनका लागला होता. रडून राहिला होता तो शाळेच्या खोलीत. अन् तू त्याच्या दुखन्याले मेकप करून राहिला काय?"

चाचा कूलरजवळून म्हणाले, "भाई, वो दर्द था. दर्द की कोई नक्कल करता है क्या?" नक्कलदादा कावराबावरा झाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. त्याने कापूस काढला नाही.

त्याच गडबडीत मुलगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, एक डाव गानं बसवून पाहू ना आपन. मी कधी तुमच्यासंगं गाईली नाई." मी अजून भांडणातच होतो. "त्यात काय बसवाचं," मी म्हटलं, "ते गानं झोपेत वाजवतो मी." ती मागे वळली. मग कोपऱ्यातली रिकामी पिशवी उचलून म्हणाली, "मंग मी बाजारात जाऊन येते." आणि त्या उन्हात निघून गेली.

पहिला भाग झाला. मी पहिल्या रांगेत बसून पाहिला आणि मला तो सोडून जाता आला नाही. सदरा बरोबर, धोतर बरोबर, उभं राहणं बरोबर. काळी टोपी घातलेला, माझ्यासारखी मिशी ठेवलेला एक पोरगेला माणूस बेंजोवर माझ्या चुकांसकट वाजवत होता. दुसऱ्या कडव्याच्या आधी एक सूर त्या दिवशी माझा घसरला होता, तोही त्याने घसरवला. नक्कलदादाने गालाला हात लावला की लोक टाळ्या वाजवत होते. माझ्यामागे एक बाई नवऱ्याला सांगत होती, दादा असाच गाल धरत, सुरात डुंबले की. मी वळून सांगणार होतो. तेवढ्यात तिसऱ्या कडव्याच्या जागी बेंजो लांबला आणि गाणं संपलं. सभागृह उभं राहिलं. एका ठणकणाऱ्या दाढेसाठी सगळं अकोला उभं राहिलं होतं.

मध्यंतरात मुलगी परत आली, चेहरा लाल, पदर घामाने भिजलेला. पिशवीत एकच निंबू होता. मी तिला सांगायला लागलो की हा काय तमाशा चालला आहे, मी भांडलो नसतो तर यांनी तुला स्टेजवर पायसुद्धा ठेवू दिला नसता, बाईचा आवाज चालत नाही म्हणत होता लेकाचा. ती पाणी प्यायली आणि पेला खाली ठेवला.

"काका," ती म्हणाली, "परतवाड्याच्या लग्नात बाबाचा आवाज बसला होता. मी म्हटलं होतं, गावाचं कडवं मी म्हनते. याद हाये काय तुमाले?"

मला आठवलं. ती एकोणीस-वीस वर्षांची होती. कडवं तिने स्वतः करून आणलं होतं, कागदावर लिहून. दादा तयार होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण असल्या गोष्टी तो माझ्यावर सोडायचा. मी म्हटलं होतं, पोरी, लोक तुह्या बापाले पाहाले आले हायेत. नक्कलदादाचं वाक्य नक्कलदादाच्या आधी वीस वर्षं मी म्हटलं होतं. मग बसक्या आवाजात कडवं दादानेच म्हटलं. तिने तो कागद कुठे टाकला, मला माहीत नाही. मी विचारलं नव्हतं.

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती," मी म्हटलं. काय वेगळं होतं, ते मला सांगताही आलं नसतं.

आम्ही तिघं स्टेजवर गेलो. काही लोक चहाहून परतलेच नव्हते. तिने नेहमीची हिरवी साडी नेसली होती, डोक्यावर काही नाही, गळ्यात काही नाही. चाचांनी ठेका धरला. मी सुरुवातीचे सूर वाजवले, तसे मी हजार वेळा वाजवले आहेत, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मग तिने ओळ उचलली आणि तिचा आवाज खाली गेला. घशात गेला. 'पिशवी माही फाटकी' एवढं पहिल्या रांगेत मुश्किलीने पोचलं असेल. बेंजो दादाच्या पट्टीत लागलेला होता, पुरुषाच्या खालच्या पट्टीत, आणि तिथे तिचा आवाजच नव्हता.

ती थांबली. माझ्याकडे वाकून हळू म्हणाली, "काका, माह्या पट्टीत घ्या."

"घेतो," मी म्हटलं.

मी बटणांवर बोटं वर सरकवली. दोन सूर बरोबर आले आणि तिसऱ्याला बोटं आपणहून जुन्या जागी गेली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गेली. अठ्ठावीस वर्षं ते गाणं मी एकाच जागी वाजवलं होतं. माझ्या बोटांना ते गाणं माहीत नव्हतं, फक्त जागा माहीत होती. बाजारात जाणारा दादा दर गावाला नवा व्हायचा, आणि त्याच्या बाजूला बसून मी एकच एक गोष्ट करत आलो होतो. मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी हसलंही. नक्कलदादा पडद्याच्या कडेला उभा होता, गालात कापूस तसाच, आणि तो हसत नव्हता. त्याला माझी दया येत होती. तिसऱ्यांदा बोटं चुकली तेव्हा तिने माझ्या हाताजवळ हात नेला आणि म्हणाली, "राहू द्या, काका."

"चल बेटा, मैं हूँ," चाचा म्हणाले आणि त्यांनी ठेका जलद केला.

ती आपल्या पट्टीत गायली, नुसत्या ढोलकीवर. आवाज वर गेला, मोकळा झाला, सभागृहाच्या पार मागच्या भिंतीला लागला. बाहेर चहा पिणारे आत येऊन दाराशी उभे राहिले. दोन कडवी झाली. लोकांनी सवयीने टाळ्यांची तयारी केली, कारण त्यांच्या मते गाणं संपलं होतं. तिने पिशवीतून निंबू काढला आणि तिसरं सुरू केलं:

निंबू सांडला अकोल्यात, मांगे धावली बाई,
म्हने ऊन फुकट नेजो पोरी, निंबू फुकट नाई.

मग जो हशा झाला, तसा मी अचलपूरलाही ऐकला नव्हता. लोक एकमेकांना सांगत होते, आपल्या अकोल्याचं आहे, आजचं आहे, आत्ताचं. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. तिने पुन्हा म्हटलं. मघाशी माझ्यामागे बसलेली बाई नवऱ्याला विचारत होती की हे व्हिडिओत कसं नाही. मी स्टेजच्या मधोमध बेंजो मांडीवर घेऊन बसलो होतो, तार छेडायची नखी बोटात तशीच अडकवलेली, आणि माझ्याकडे कोणीच पाहत नव्हतं. राग यायला हवा तो येत होता. कोणावर काढायचा, ते मात्र आता पक्कं माहीत होतं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती, निंबू मांडीवर. चाचा अकोल्यातच मुक्कामाला राहिले. ती पाच वर्षांची असल्यापासून मी तिला गाताना ऐकत आलो आहे. गल्लीच्या या तोंडाला मी, त्या तोंडाला ती. बडनेरा आलं तेव्हा मी विचारलं, "तुही पट्टी कोनती, बेटा?"

"पेटीची काळी चार," ती म्हणाली.

"मी बसवतो ते गानं. महिनाभरात बसवतो."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वहिनी जशी पाहुण्याला अजून थोडं घ्या म्हणते, तितक्या मायेनं पाहिलं.

"चाचासंगं जमलं नं, काका," ती म्हणाली. "तुमी आता तरास नका घेऊ."